मदत हवी आहे: फिरोजशाह बहमनी व विजयनगरच्या राजकन्येच्या विवाहाचा पुरावा

१४०६-०७ च्या युद्धानंतर विजयनगरच्या पहिल्या देवरायाने आपली कन्या फिरोजशाह बहमनीला देऊन बंकापूरचा किल्ला आंदण दिला, परंतु निरोप देताना तो वाटेतूनच परतल्याने सुलतान दुखावला, असे फारसीत लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता सांगतो; मात्र तो सुमारे दोनशे वर्षांनी विजापुरात बसून लिहीत होता, आणि मानापमानाचा हा प्रसंग मला जरा जास्तच लग्नघरचा वाटतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ व डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयांत मिळालेले मराठी-इंग्रजी लेखन फिरिश्त्याकडेच बोट दाखवते. पुढे झालेल्या पानगलच्या लढाईविषयी मला विचारायचे नाही. फारसी येत नाही, कन्नड वाचता येते. या विवाहाचा उल्लेख करणारा समकालीन कन्नड वा संस्कृत शिलालेख कोणाच्या पाहण्यात आहे का, आणि असल्यास तो कोठे छापला आहे?