वेळ मोबाइलनं खाल्ला म्हणे!

डोंबिवलीकर
परवा इथेच कुणीतरी लिहिलंय, 'मोबाइल आला आणि माणसाचा वेळ गेला, अंतरं कळेनाशी झाली. पूर्वीची माणसं निवांत होती.' कुठली हो पूर्वीची? माझे बाबा तीस वर्षं 8.12 ची फास्ट पकडायचे. घरात साधा फोनसुद्धा नव्हता. कुकरची तिसरी शिट्टी, डबा, चपला, की बाबा जिन्यात. शिट्टी लांबली की घरात भांडण. व्हीटी किती लांब? 'फास्टनं सव्वा तास.' किलोमीटर आमच्याकडे आजही कुणाला ठाऊक नाहीत. 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हाच निवांतपणा संपला. उगाच मोबाइलला झोडपू नका.

ओढ्याकाठचा
मीच तो. बाबांची 8.12 चुकली तर पुढची येईपर्यंत ते फलाटावर कुणाशी तरी बोलत असतील ना? ती मिनिटं आता मोबाइल खातो. आमचे आजोबा 'दोन चिलमींवर गाव आहे' असं सांगायचे. तुम्हाला मॅप 'डावीकडे वळा' म्हणतो, तुम्ही वळता. वाटेतल्या ओढ्याचं नाव सांगा बघू.

जुनी मुंबई
गाडी सुटली म्हणून घड्याळं लगेच एक झाली नाहीत. 1906 ला प्रमाणवेळ आली तरी शहरात 'बॉम्बे टाइम' चालूच राहिला, 39 मिनिटं मागे. तो गेला 1955 ला. एकाच शहरात दोन वेळा! भेट ठरवताना 'कुठल्या घड्याळानं?' असं विचारत असतील.

देवगडवाला
घड्याळं घाला चुलीत. पनवेल ते सावंतवाडी किती तास, ते सांगा. गेल्या गणपतीत मॅप म्हणाला नऊ. माणगावातच चार गेले. मुलगी विचारी 'अजून किती?' मी म्हणे 'अर्धा तास.' अकरा वेळा म्हटलं, तिनं बोटांवर मोजलं. महामार्ग म्हणे!

सदाशिव पेठ
रेल्वे आहे की.

देवगडवाला
तिकीट तुम्ही काढून देताय? साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला बसलो, आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, दरडींच्या भीतीनं गाड्या हळू. आमचं गाव पावसाळ्यात लांब जातं, साहेब. पेठेतून नाही दिसायचं.

सदाशिव पेठ
1998 च्या आधी तेवढीही गाडी नव्हती, एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी व्हायची. रडगाणं तेव्हाही हेच असणार.

देवगडवाला
एसटीत निदान बसल्या जागी झोप लागायची. येत्या गणपतीत चला माझ्याबरोबर, मागच्या सीटवर. मग बोलू.

ओढ्याकाठचा
विषय काय, चाललंय काय!

माई
मी मघापासून वाचतेय. डोंबिवलीकर, ती तिसरी शिट्टी मोजत कोण होतं? बाबांची 8.12 तुम्हाला मिनिटासकट पाठ. आई किती वाजता उठायची?

डोंबिवलीकर
साडेचारला. पाच वाजता नळ जायचा. घड्याळ बाहेरच्या खोलीत होतं, ती कधी बघायला गेल्याचं आठवत नाही. रुळांवरून पहिल्या गाड्यांचा आवाज यायचा, त्यावर सगळं चालायचं. हे आधी लिहायला हवं होतं, मान्य. ओढेवाले, तुमचं मात्र अजून मान्य नाही. फलाटावर बाबा कुणाशीही बोलायचे नाहीत. पेपर वाचायचे.