एका घरात दोन शाळा, दोन सुट्ट्या: प्रवासाचे बेत कसे जुळवता?

आमची मोठी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी शाळेत सातवीला आहे आणि धाकटा मुलगा घोडबंदर रोडवरच्याच एका सीबीएसई शाळेत तिसरीला. दोन शाळांमध्ये चालत बारा मिनिटांचे अंतर आहे, पण सुट्ट्या पाहिल्या तर त्या दोन वेगळ्या मुलखांत असाव्यात असे वाटते. धाकट्याचे नवे वर्ष एप्रिलच्या आरंभी सुरू होते, तेव्हा मोठीची वार्षिक परीक्षा अजून व्हायची असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो दप्तर घेऊन निघतो, तेव्हा ती 15 जूनपर्यंत मोकळी असते.

पूर्वी मोठीची परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपत असे. 2025 मध्ये मात्र पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालतील, असे राज्यभराचे वेळापत्रक आले आणि तोवर आमची 19 एप्रिलची रत्नागिरीची तिकिटे काढून झालेली होती. धाकट्याची चार दिवसांची रजाही वर्गशिक्षिकांकडून मिनतवारीने मंजूर करून घेतली होती. सगळे रद्द केल्याचे कळवले तेव्हा आईने फोनवर एवढेच विचारले, ‘मग फणस कधी उतरवू?’

नंतर मी नियम शोधून वाचले. राज्यातील शाळांना वर्षभरात एकूण 76 दिवसांपेक्षा अधिक सुट्ट्या घेता येत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरावी लागते. मात्र उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने गणेशोत्सवात किंवा नाताळात घेण्याची मुभा आहे. म्हणजे राज्य मंडळाच्या दोन शेजारच्या शाळांच्याही तारखा एक असतीलच असे नाही, आणि सीबीएसई शाळा आपली दिनदर्शिका स्वतःच ठरवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते (1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडत असे) आणि शाळेची नक्की तारीख मात्र पालकांना पंधरा दिवस आधी कळते.

तुम्ही हे कसे निभावता, ते सविस्तर लिहावे. ‘दोघांना एकाच शाळेत का घातले नाही’ हा प्रश्न कृपया विचारू नये, कारण त्याचे उत्तर आमच्या घरातच अजून ठरलेले नाही.

वागळे इस्टेट, ठाणे

आमचा प्रश्न उन्हाळ्याचा नसून गणपतीचा आहे. चतुर्थी कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, आणि मुलीच्या शाळेची सहामाही परीक्षा ठरलेली सप्टेंबरात. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. त्या वेळी 120 दिवसांचा नियम असल्याने मे महिन्यातच आम्ही पाच जणांची तुतारी एक्सप्रेसची तिकिटे काढली होती. (ही गाडी दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तारीख एका दिवसाने चुकवणारे दरवर्षी कोणी ना कोणी भेटतेच, आम्ही निदान ती चूक केली नव्हती.) मुलाच्या शाळेला गणपतीची पाच दिवस सुट्टी होती. मुलीच्या शाळेचे वेळापत्रक ऑगस्टमध्ये हाती आले आणि त्यात 20 सप्टेंबरला गणिताचा पेपर होता.

शेवटी पाचांपैकी दोन तिकिटे रद्द केली. यजमान, मुलगा आणि सासूबाई पुढे गेले. मी आणि मुलगी मागे राहिलो. लग्नानंतर चतुर्थीला मी घरी नसण्याची ती पहिलीच वेळ होती. पेपर संपल्यावर संध्याकाळी आम्ही खोपट स्थानकावरून एसटी धरली. मुलगी शाळेच्या गणवेशातच होती आणि कंपासपेटी पिशवीत टाकायची राहिल्यामुळे ती तिने रात्रभर मांडीवर धरून ठेवली होती. माणगावला दोन तास गाडी जागची हलली नाही. कणकवलीला उतरून घरी पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि 21 सप्टेंबर हा नेमका गौरी आवाहनाचा दिवस होता. जाऊबाई तेरड्याची गौर घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या, मागे आम्ही दोघी. सासूबाईंनी गौरीला आत घेतले आणि मग आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आता त्या ही गोष्ट कौतुकाने सांगतात. त्या रात्री माणगावात मला कौतुक वाटत नव्हते.

तेव्हापासून जूनच्या पहिल्याच पालक सभेत मी सहामाहीच्या तारखा विचारते. उत्तर बहुधा ‘कळवू’ असेच मिळते.

खारघर

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. 2025 मध्ये इकडे 16 जूनला शाळा सुरू झाल्या तर तिकडे 23 जूनला. वरवर पाहता फरक आठवड्याचा आहे, पण आमच्या मुलांच्या सीबीएसई शाळेच्या तारखांशी ताडून पाहिला तर तो पंधरा दिवसांचा होतो. आम्ही जातो ते थेट मे महिन्याच्या कडक उन्हात, जेव्हा दुपारी अकरानंतर अंगणात पाय ठेवता येत नाही आणि मुले कूलरसमोरची जागा धरून भांडतात. पहिला पाऊस पडून मातीला वास सुटतो आणि चुलतभावंडे शेतावर मोकाट फिरू लागतात, त्या दिवसांत आमची मुले खारघरला नव्या वह्यांना खाकी कव्हरे घालत असतात. विदर्भ एक्सप्रेसची जूनमधली तिकिटे मिळतात, यात आश्चर्य काहीच नाही.

ऐरोली

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे ‘तुम्हाला काय, दोन-दोन महिने सुट्टी’ हे वाक्य मी वर्षातून किमान दहा वेळा ऐकते. माझी शाळा राज्य मंडळाची आणि माझी दोन्ही मुले सीबीएसईची. त्यांची सुट्टी एप्रिलच्या अखेरीस लागते. माझी सुट्टी उत्तरपत्रिका तपासून, निकालपत्रके भरून, 1 मे रोजी ध्वजवंदन आणि निकाल उरकल्यावर लागते.

2024 साली तर तीही लागली नाही. ठाणे लोकसभा मतदारसंघात 20 मे रोजी मतदान होते आणि मला निवडणुकीचे काम आले. प्रशिक्षणाच्या तारखा मध्ये पेरलेल्या असल्याने साताऱ्याला जाऊन परत येण्यातही अर्थ नव्हता. मुले आजोळी गेली आणि मी ऐरोलीत एकटी राहिले. मतदान यंत्रे जमा करून 21 मेच्या पहाटे घरी आले, दोन तास झोपले आणि सकाळच्या गाडीने निघाले. मुलांची शाळा 10 जूनला उघडणार होती, म्हणजे दोन आठवडे आणि काही दिवस हाती लागले. त्यातही धाकटीने पहिल्या दिवशी माझ्याकडे परक्यासारखे पाहिले आणि जेवायला मामीजवळच बसली.

शाळा तारखा उशिरा का सांगतात, याचे उत्तर मला आतून माहीत आहे. आमच्या शाळेची सुट्ट्यांची यादी मंजूर होऊन येईपर्यंत जूनचा मध्य उलटतो, आणि मंजुरीपूर्वी तारीख सांगून ती पुढे बदलली, तर पालक मुख्याध्यापकांच्या दालनात उभे राहतात. म्हणून कोणी तोंड उघडत नाही.

सीवूड्स

मला वेगळ्या तारखांचा फायदाच झाला आहे, हेही नोंदवावेसे वाटते. मुलगी एकच, शाळा सीबीएसईची. राज्य मंडळाची मुले परीक्षेत अडकलेली असतात, तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तारकर्लीला जातो. ज्या खोलीला मे महिन्यात 4,500 रुपये पडतात, ती आम्हाला 2,800 रुपयांना मिळाली. सगळ्यांच्या सुट्ट्या एक झाल्या तर हा फरक राहणार नाही.

*(तुमचे म्हणणे रास्त आहे, पण ते एक मूल असणाऱ्यांचे आहे. आमच्या घरात स्वस्त आठवडा नेहमी दोघांपैकी एकाच्याच वाट्याला येतो. — धागाकर्ती)*

नेरूळ

मी आजोबा या नात्याने लिहीत आहे. तीन नातवंडे तीन गावी आहेत: एक बंगळूरला, एक दिल्लीला आणि एक ठाण्याला. त्यांना वर्षातून एकदा देवगडच्या घरी एकत्र आणणे हे निवृत्तीनंतरचे माझे मुख्य काम झाले आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी तीन रंगांच्या पेन्सिलींनी रेषा ओढतो. 2025 साली कर्नाटकातल्या शाळेची लाल रेषा 11 एप्रिलपासून 28 मेपर्यंत गेली, दिल्लीची निळी 11 मेपासून 30 जूनपर्यंत आणि ठाण्याची हिरवी 2 मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. तिन्ही रेषा एकमेकींखाली आल्या त्या फक्त 11 ते 28 मे या दिवसांत. त्यातून दोन जावयांच्या आणि एका मुलाच्या रजा वजा केल्यावर 19 ते 25 मे हे सात दिवस उरले. मी त्यांच्याभोवती चौकट आखली आणि आंबा उतरवणाऱ्या गड्यांना निरोप धाडला.

त्या वर्षी मान्सून 24 मे रोजी केरळात आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत आला. कोकणात तर त्याच्याही आधीपासून पाऊस कोसळत होता. समुद्र सोडाच, मुलांना खळ्यातही उतरता आले नाही. सातही दिवस तिघे पडवीत बसून आंबे चोखत आणि पत्ते खेळत राहिली. दिल्लीच्या नातवाला मराठी फारसे येत नव्हते. आठवड्याअखेर तो ‘पिसायची पाळी तुझी’ असे ठणकावून सांगू लागला. शाळांनी माझ्यासाठी तारखा बदलाव्यात अशी अपेक्षा मी ठेवत नाही. त्या मार्चपर्यंत कळाव्यात, एवढीच आहे, कारण पेन्सिलीच्या रेषा खोडता येतात, विमानाची तिकिटे नाहीत.

पाचपाखाडी, ठाणे

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. माझे दोन भाऊ जर्मनीत आहेत, एक म्युनिकला आणि दुसरा कोलोनला. तिथे सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम वेगवेगळ्या ठेवतात, जेणेकरून सगळा देश एकाच दिवशी गाड्या घेऊन रस्त्यावर येऊ नये. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाची सुट्टी सर्वांत उशिरा लागते. 2025 मध्ये ती 1 ऑगस्टपासून 15 सप्टेंबरपर्यंत होती. कोलोनच्या राज्याची सुट्टी त्या वर्षी 26 ऑगस्टला संपली आणि 27 ऑगस्टला आपल्याकडे गणेश चतुर्थी होती. म्युनिकचे कुटुंब दहा दिवस आरामात राहिले. कोलोनचा पुतण्या नेमका चतुर्थीच्या दिवशी नव्या वर्गात बसला आणि त्याने आरती फोनवरून पाहिली. ‘एक आठवडा बुडवू दे’ असे आई सहज म्हणून गेली, पण तिथे सबळ कारणाशिवाय मुलाला शाळेतून काढून प्रवासाला नेले तर पालकांना दंड होऊ शकतो, हे भावाने समजावल्यावर तिने विषय सोडला. एक गोष्ट मात्र हेवा वाटावा अशी आहे: या तारखा तिथे अनेक वर्षे आधी जाहीर झालेल्या असतात. आमच्या वहिनीला मुलगा दहावीत जाईल त्या वर्षीची सुट्टी आजच ठाऊक आहे.

कोपरखैरणे

मी शाळेची व्हॅन चालवतो. माझ्या गाडीत तीन शाळांची मुले बसतात: एक सीबीएसई, एक राज्य मंडळाची इंग्रजी माध्यमाची आणि एक मराठी माध्यमाची. पालकांना दोन वेळापत्रके जुळवावी लागतात, मला तीन, आणि घरी माझ्या मुलाचे महापालिकेच्या शाळेचे चौथे. एक शाळा बंद झाली तरी उरलेल्या दोन शाळांच्या मुलांसाठी गाडी काढावीच लागते. डिझेल तेवढेच जळते आणि बंद शाळेचे पालक त्या महिन्याचे अर्धेच भाडे देऊ म्हणतात. त्यांचेही चुकत नाही. दिवाळीत सर्व शाळा एकत्र बंद असल्याचे दिवस गेल्या वर्षी सहा भरले. आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, एक दिवस गाडीच्या कामासाठी राखावा लागला, आणि मुलाने मामाच्या विहिरीवर पोहायला शिकायचे ठरवले होते, त्याला तीन दिवस मिळाले. पाठीला डबा बांधून तो पाण्यात उतरू लागला आहे. डबा सोडायचे काम उन्हाळ्यावर ठेवले आहे.