घरी सरावासाठी लेझर घ्यावं का? (१० मी. एअर पिस्तूल)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. लेक १४ वर्षांची, आठ महिने झाले एअर पिस्तूल शिकतेय. पॅरिसला स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं तेव्हापासून घरात हाच विषय. रेंज लांब आहे, आठवड्यातून तीनच दिवस जमतं, आणि पुढच्या वर्षी दहावी. घरी हॉलमध्ये जेमतेम साडेपाच मीटर मिळतात. ऑनलाइन लेझरचे बरेच प्रकार दिसतायत. कुठला घ्यावा? पिस्तूल जुनं आहे, पण स्वतःचं.

डॅलसकर:
मी इकडे लेझर काडतूस वापरतो. खऱ्या गोळीच्या जागी बसतं, फायरिंग पिनचा ठोका मागे बसला की क्षणभर लाल ठिपका उमटतो आणि मोबाइलचा कॅमेरा तो टिपतो. आवाज नाही, खर्च नाही. डोळे झाकून घ्या.

सरावपंत:
डॅलसकर, डोळे झाकून नको हो! तुमचं काडतूस पिन असलेल्या बंदुकीसाठी. एअर पिस्तूल हवेच्या दाबावर चालतं, त्यात त्या काडतुसाला ठोका द्यायला काही नसतंच.

ताई, नळीवर बसणारे लेझर मिळतात, पण लगेच घेऊ नका असं माझं मत. मी पोरांना शिकवतो. भिंतीवर ठिपका दिसला की नजर फ्रंट साइट (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) सोडून ठिपक्यामागे पळते. पिस्तुलात सगळा खेळ फ्रंट साइट स्पष्ट आणि टार्गेटचा काळा गोल थोडा धूसर दिसण्याचा. शिवाय ठिपका मध्यावर आला रे आला की पोरं ट्रिगर झटक्यात ओढतात. ती सवय मोडायला मला सहा-सहा महिने लागलेत.

आधी कोरी भिंत. पिस्तुलाला ड्राय फायरची, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबायची, सोय आहे ना, ते सरांना विचारा. (स्प्रिंगवालं असेल तर रिकामं उडवायचंच नाही, पिस्टन आपटून खराब होतो.) हात उचलायचा, भिंतीसमोर धरायचा, ट्रिगर हळूहळू दाबायचा, सुटल्यावरही दोन सेकंद तसंच उभं राहायचं. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. सुटताना फ्रंट साइट हलली का, एवढंच बघायचं.

पैसे खर्च करायचेच असतील तर वर्षभराने स्कॅटसारखं यंत्र. नळीवरचा छोटा कॅमेरा टार्गेटचा काळा गोल बघतो आणि नळी कुठे कुठे फिरली त्याची रेघ संगणकावर काढतो. शेवटचा एक सेकंद पिवळा, शेवटचा ०.२ सेकंद निळा, सुटल्यानंतरचं लाल. निळी रेघ एका बाजूला फेकलेली दिसली की समजायचं, गडबड बोटात आहे. स्वस्त नाही, क्लबने एक घेऊन सगळ्यांनी वापरणं बरं.

कृष्णाकाठ:
बापरे, बरं झालं विचारलं. साडेपाच मीटरवर टार्गेट लावायचं झालं तर?

सरावपंत:
५ मीटरवर लावा, सगळं निम्मं. मूळ काळा गोल ५९.५ मिमीचा, तो २९.७५ चा छापायचा. छापून झाल्यावर पट्टीने मोजा, प्रिंटर हमखास लबाडी करतात. उंचीत सगळे चुकतात. रेंजवर मध्य १४० सेंमीवर असतो. घरी तेवढ्याच उंचीवर लावला तर हात रेंजपेक्षा खाली जातो. लेकीच्या डोळ्यांची उंची आणि १४० यांची सरासरी काढा, तिथे मध्य.

डॅलसकर:
पंत, पटलं. माझी चूक. पण पुढेमागे लेझर घेतलंच तर १ मिलिवॅटच्या आतलं, क्लास २ घ्या, आणि आरसा झाका. माझ्याकडे कपाटाच्या आरशावरून किरण उलटा आला, बायको समोर उभी होती. डोळ्यांत गेला नाही, पण त्या रात्री मी सोफ्यावर झोपलो.

सरावपंत:
आणि पेलेटची (छर्‍यांची) डबी दुसऱ्या खोलीत ठेवायची. सराव सुरू करण्याआधी पिस्तूल रिकामं आहे हे लेकीने स्वतः बघायचं, मग तुम्ही. दरवेळी, कंटाळा आला तरी.

कृष्णाकाठ:
लेकीच्या डोळ्यांची उंची १५०, म्हणजे १४५. तिथे बरोब्बर दत्ताचं कॅलेंडर येतंय आणि सासूबाई ते हलवू देत नाहीत. समोरच्या भिंतीवर लावतेय. लेझर तूर्त रद्द. धन्यवाद!