प्रोपोलिसचा अर्क फ्लूच्या विषाणूसोबत पेशीही मारतो, चूक कुठे?

सत्तरीवाला: काजूबागेतल्या सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्यांमधून खरवडलेला प्रोपोलिस (माश्या झाडांच्या राळेपासून बनवतात तो चिकट पदार्थ) 70% इथेनॉलमध्ये (1:10) 7 दिवस भिजवला. एमडीसीके पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी), एच1एन1 या फ्लूच्या विषाणूविरुद्ध, 200 मायक्रोग्रॅम/मिलीला विषाणू जवळजवळ नाहीसा होतो. पण विषाणू न घातलेल्या पेशीही मरून तळापासून सुटून येतात. इथेनॉलऐवजी फेणी वापरून बघू का?

राळ_आणि_मेण: आधी माल तपासा. सातेरी प्रोपोलिस जवळपास गोळाच करत नाही. तुम्ही खरवडलंत ते बहुतेक मेण असणार. खरी राळ मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) किंवा भिंतीतल्या डंखहीन माश्यांच्या पोळ्यात मिळते. ती फ्रीजरमध्ये कडक करून कुटा. गाळलेला अर्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गाळा, म्हणजे मेण खाली बसून निघून जातं.

फेणी नकोच. तिच्यात अल्कोहोल साधारण 42.8%, त्यात राळ नीट उतरत नाही.

आणखी एक: माश्यांनी काजू-आंब्याची राळ आणली असेल तर कार्डोल-कार्डानॉल (काजूच्या टरफलातल्या तेलात असतात ते फिनॉल) येऊ शकतात. थायलंडच्या प्रोपोलिसमध्ये ते सापडले आहेत आणि ते पेशींना मारक आहेत.

प्लाकमोजणी: आता चाचणी. अल्कोहोल उडवून सुका अर्क डीएमएसओमध्ये (एक द्रावक) 100 मिग्रॅ/मिली करा. 200 मायक्रोग्रॅमला डीएमएसओ 0.2% च राहील. तेवढंच डीएमएसओ घातलेला, पण अर्क नसलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. मग सीसी50 ला (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) ईसी50 ने (विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा) भागा. उत्तर 10 च्या खाली आलं तर तो परिणाम विषाणूविरोधी म्हणू नका, मेलेल्या पेशीत विषाणू वाढणार कसा?

दुसरा फसवा भाग ट्रिप्सिनचा (प्रथिनं तोडणारं एन्झाइम). फ्लूचा विषाणू एमडीसीकेत फेरीमागून फेरी वाढायला ते लागतं, आणि प्रोपोलिसमधली पॉलिफिनॉल संयुगं तेच अडवतात. म्हणून ट्रिप्सिनशिवाय एकाच फेरीचा, 8 तासांचा प्रयोग करून आरएनए मोजा. हिमॅग्लुटिनेशनवर (विषाणूमुळे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात का ते बघणारी चाचणी) विसंबू नका, अर्क तांबड्या पेशींनाही बिघडवतो.

सत्तरीवाला: मग मध घेऊन करू का? तापात घरीही देतातच.

प्लाकमोजणी: करा, पण तेवढ्याच फ्रुक्टोज-ग्लुकोजचा कंट्रोल ठेवा आणि कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालून मधातलं हायड्रोजन पेरॉक्साइड काढा. न्यूझीलंडच्या मानुका मधाची आयसी50 (विषाणू निम्म्यावर रोखणारी मात्रा) 3.6 मिग्रॅ/मिली आली होती, तीही पेशींवर. त्यातलं मिथाइलग्लायॉक्सल (जंतुनाशक संयुग) तिथल्या मानुका झाडाच्या मकरंदातून येतं, आपल्याकडच्या मधात तेवढं धरू नका. घरी खोकल्याला मध चालेल, 1 वर्षाखालच्या बाळाला मात्र अजिबात नाही. ओसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) डॉक्टरांनी दिलं असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. मधासाठी थांबू नका.