डायनोलँड मे महिन्यात बघायला मिळेल का?

नीलू आत्या: बंड्या, उठलास का? तुमच्याकडे आता सकाळ असेल. मे महिन्यात यायचं जवळपास ठरलंय. चिकूने डिस्नेच्या डायनासोरचा धोशा लावलाय. फ्लोरिडातल्या त्यांच्या त्या ॲनिमल किंगडम पार्कची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का? मुग्धा म्हणते, लवकर काढलेली बरी.

बंड्या ऑर्लँडो: आत्या थांब!! डायनासोरसाठी काढत असशील तर अजिबात नको. ते पाडतायत.

मुग्धा: काय?? यूट्यूबवर तर सगळं चालू दिसतंय

बंड्या ऑर्लँडो: जुने व्हिडिओ असतील गं.

भाऊकाका: पाडतायत म्हणजे? अख्खं पार्क?

बंड्या ऑर्लँडो: नाही काका, पार्क चालू आहे. फक्त डायनोलँड यू.एस.ए. हा भाग जातोय. १९९८ ला पार्क उघडलं तेव्हापासूनचा आहे. आणि एकदम नाही, तुकड्यातुकड्याने चाललंय. प्रायमीव्हल व्हर्ल म्हणून स्वतःभोवती फिरत जाणारी रोलर कोस्टर होती, ती २०२० मध्ये कायमची बंद झाल्याचं सांगितलं, पुढच्या वर्षी पाडली. मग बरीच वर्षं तिथे नुसती मोकळी जागा. २०२५ च्या जानेवारीत ट्रायसेराटॉपचे पाळणे आणि नेम मारायचे खेळ गेले. सप्टेंबरात बोनयार्ड, म्हणजे मुलांच्या घसरगुंड्या आणि वाळूतून हाडं उकरायची जागा. मग एकच मोठी राइड उरली, 'डायनासोर'. तिचा शेवटचा दिवस १ फेब्रुवारी २०२६. तुम्ही मेमध्ये याल तेव्हा नुसते कुंपणाचे पत्रे बघायला मिळतील.

नीलू आत्या: अगं बाई

भाऊकाका: इतकी वर्षं पाडकाम? आमची जुनी बिल्डिंग महिन्याभरात जमीनदोस्त केली होती. पुढे कित्येक वर्षं तिथे डबकं होतं आणि भाडं थकलं, ते सोडा.

बंड्या ऑर्लँडो: काका, तुमच्याकडे बिल्डिंग रिकामी करून घेतली होती. इथे गिऱ्हाईक आत असतानाच पाडायचंय. ॲनिमल किंगडममध्ये आधीच राइड कमी. एक बंद केली की ती गर्दी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहते. शिवाय फाइंडिंग निमोचं थिएटर याच कोपऱ्यात आहे आणि ते राहणार आहे, त्यामुळे तिथली वाट पूर्ण तोडता येत नाही. याच पार्कात आधी कॅम्प मिनी-मिकी हा भाग २०१४ च्या जानेवारीत बंद केला, त्या जागी पँडोरा, म्हणजे 'अवतार' सिनेमावरचा भाग, उघडला २०१७ च्या मेमध्ये. तेव्हाही तीन वर्षांहून जास्त लागली.

भाऊकाका: आणि तिकीट?

बंड्या ऑर्लँडो: तिकीट पूर्ण 😀

मुग्धा: तिथला तो जत्रेसारखा भाग गेला ना, बरं झालं. आम्ही मागे आलो होतो तेव्हा मला वाटलं पार्किंगमध्येच आलो चुकून.

बंड्या ऑर्लँडो: मुग्धा, ते पार्किंगच दाखवायचं होतं त्यांना! गोष्ट अशी रचली होती की गावात चेस्टर आणि हेस्टर यांचा पेट्रोल पंप होता. तिथे डायनासोरची हाडं सापडतात, मग संशोधन संस्था येते, पर्यटक येतात. या दोघांना वाटतं आपणही चार पैसे कमवावेत, म्हणून ते पार्किंगमध्येच जत्रा मांडतात. त्यामुळे डांबराला मुद्दाम भेगा पाडलेल्या, त्यावर गाड्या लावायचे पट्टे, पाट्या भडक. सगळं ठरवून गावठी. २००१-०२ च्या सुमारास हे आलं आणि बहुतेक लोकांना तुझ्यासारखंच वाटलं.

मुग्धा: मग कळणार कसं? तिथे कोणी सांगत नाही

बंड्या ऑर्लँडो: तेच तर. इतके पैसे मोजून आलेल्या माणसाला भेगा पडलेलं डांबर दाखवायचं आणि वर म्हणायचं, हा विनोद आहे. मला स्वतःला ती जागा आवडायची, पण माझा संशय असा की स्वस्तात काम उरकायचं आधी ठरलं आणि गोष्ट नंतर बेतली.

नीलू आत्या: ते बाहेर मोठा सांगाडा होता तो? चिकूच्या वहीवर त्याचाच फोटो आहे

बंड्या ऑर्लँडो: ती 'सू', टी. रेक्स. ती प्रतिकृती आहे आत्या, खरी हाडं शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. १९९० मध्ये साउथ डकोटात सापडली, १९९७ च्या लिलावात ८३ लाख ६० हजार डॉलरला गेली. म्युझियमला पैसे कमी पडत होते तेव्हा मॅकडोनाल्ड्स आणि डिस्नेने हातभार लावला, त्या बदल्यात प्रतिकृती मिळाली. सुरुवातीला तर काही खरी हाडं इथेच, काचेपलीकडे लोकांसमोर साफ करायचे. त्या राइडपेक्षा मला हेच जास्त भारी वाटतं.

भाऊकाका: मग तिथे आता येणार काय?

बंड्या ऑर्लँडो: ट्रॉपिकल अमेरिकाज. ११ एकर, २०२७ मध्ये उघडायचं म्हणतायत. एन्कांटो या डिस्नेच्या सिनेमावरची राइड, एक कॅरोसेल म्हणजे गोल फिरणारं चक्र, आणि 'डायनासोर'च्या जागी इंडियाना जोन्सच्या सिनेमांवरची राइड. यात गंमत आहे, कारण 'डायनासोर'चा मार्ग मुळात कॅलिफोर्नियातल्या इंडियाना जोन्सच्या राइडवरूनच बेतला होता.

भाऊकाका: म्हणजे स्ट्रक्चर तेच, आतलं फर्निचर नवं. हुशार आहेत.

भाऊकाका: आणि नीलू, हाडंच बघायची तर फ्लोरिडा कशाला? गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म आहेत. नाहीतर गुजरातेत बालासिनोरला अंडीसुद्धा आहेत.

मुग्धा: काका, त्याला हलणारा आणि ओरडणारा पाहिजे 🙏

बंड्या ऑर्लँडो: मग इथल्याच युनिव्हर्सलच्या पार्कला न्या. आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये जुरासिक पार्कचा मोठा भाग आहे, त्यात कॅम्प जुरासिक म्हणून गुहा, जाळ्या, चढायची जागा. चिकूच्या वयाला तेच बरं. व्हेलोसिकोस्टर या तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरला तो उंचीत बसणार नाही, तिकडे मुग्धा तू जा. ॲनिमल किंगडमही करा, पण सफारी आणि पँडोरासाठी. सकाळी दार उघडतानाच सफारी गाठायची, उन्हात प्राणी झाडाखाली बसतात.

नीलू आत्या: म्हणजे डिस्नेचा एक दिवस कमी करून तिकडे टाकू. जावईबापूंना विचारते. पण चिकूला कोण सांगणार?

मुग्धा: तूच सांग आई. कबूल तूच केलं होतंस.