मदत हवी आहे: मेलानुरस रॅस या समुद्री माशासाठी तीन फुटी टाकी पुरेल का?

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ३ × १.५ × १.५ फूट. काठोकाठ भरली तर १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता दीडशेच्या आसपास. त्यात क्लाउनफिशची जोडी वर्षभरापासून मजेत आहे.

आता मेलानुरस रॅस आणायचं फार मनात आहे. हा मासा १२ सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो, म्हणून मला लिटरपेक्षा लांबीचीच काळजी वाटते. सरळ ४ फुटी टाकी करून घ्यावी का? रात्री तो वाळूत शिरून झोपतो. माझा थर जेमतेम ३ सेंटीमीटर आहे, तो ५ करतोय. उडी मारतो म्हणून जाळीचं झाकणही करून ठेवलंय.

खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात इकडे पारा ४५ वर जातो आणि लाइन नेमकी दुपारी जाते. मागच्या वर्षी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत बसलो, तरी पाणी ३१ अंशांवर. मोठी टाकी हळू तापेल, पण चिलरही (पाणी थंड करायचं यंत्र) मोठा लागेल.

विदर्भात कोणी रॅस पाळला असेल तर टाकीचं माप आणि उन्हाळ्यातली सोय नक्की सांगा. माप ठरलं की दिवाळीआधी वर्ध्याला काच कापायला देतो.