मदत हवी आहे: मेथॲम्फेटामिनच्या तपासात जप्त झालेला टेम्पो अंतरिम ताब्यात कसा मिळवावा?

चालक भाड्याचा माल घेऊन जात असताना माझा मालवाहू टेम्पो पोलिसांनी अडवला आणि एका खोक्यात मेथॲम्फेटामिन असल्याचा संशय असलेले पांढरे खडे सापडल्याने एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली जप्त केला. पंचनाम्यातील वजन 50 ग्रॅमहून अधिक, म्हणजे व्यावसायिक प्रमाणात मोडणारे आहे. मी आरोपी नाही, माझा फक्त जबाब घेतला आहे. चालकाच्या जामिनासाठी वेगळे वकील आहेत, त्यामुळे तो विषय येथे नको. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अद्याप आलेला नाही.

तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, त्यावर ‘कोर्टाचा आदेश आणा’ एवढेच उत्तर मिळाले. वाहनाचा वापर आपल्या, आपल्या प्रतिनिधीच्या आणि वाहन ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या नकळत व संगनमताशिवाय झाला आणि त्या प्रत्येकाने सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केल्यास कलम 60(3) प्रमाणे वाहन सरकारजमा होत नाही, हे मी वाचले आहे. तसेच अंतरिम ताबा देण्यास या कायद्याची सरसकट आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिश्वजित डे प्रकरणात जानेवारी 2025 मध्ये म्हटले आहे. भाडेपावती, माल पाठवणाऱ्याशी झालेले मेसेज आणि जीपीएसची नोंद माझ्याकडे आहे. आरसीवर बँकेचा बोजा असून हप्ते चालूच आहेत, आणि ठाण्याच्या आवारात उघड्यावर टेम्पोचे टायर बसू लागले आहेत (तिथल्या जुन्या गाड्या पाहता काळजी वाटणे साहजिक आहे).

अशा स्थितीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 खालील अर्ज विशेष न्यायालयात आताच करावा की अहवालाची वाट पाहावी, आणि त्यासोबत बँकेचे ना-हरकत पत्र जोडावे लागते का?